ओंडका धरायला दुसरे माणूस नको

गुहागर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात : ‘आमच्याकडे गॅस आहे, पण न्हाणीतला हंडा आणि पावसाळ्यातली चूल अजूनही लाकडावरच चालते. वर्षाला एक टेम्पोभर सरपण लागते. वीस वर्षे लाकडे फोडून देणारे गडी आता थकले आणि रोजावर दुसरे माणूस मिळत नाही. आमच्या ह्यांचे वय ६६. गेल्या वर्षी उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाल्यापासून कुऱ्हाड बंद आहे. गेल्या पावसात आंब्याची दोन जुनी झाडे आणि एक फणस आडवा झाला, ते बुंधे तसेच पडून आहेत. पुण्याचा मुलगा लाकडे फोडण्याचे हायड्रॉलिक मशीन पाठवतो म्हणतो. त्याने मोबाइलवर व्हिडिओही दाखवला. मी ओंडका धरून बसवीन आणि हे दांडा दाबतील, असे आम्ही ठरवले आहे. मशीन घ्यावे का, कोणते घ्यावे, घरची वीज त्याला पुरेल का, आणि सासऱ्यांच्या कुऱ्हाडीचे काय करावे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

मशीन अवश्य घ्यावे. ज्या घरात रोज लाकूड जळते आणि कुऱ्हाड चालवणारा हात राहिलेला नाही, त्या घरासाठी ही चैन नव्हे. परंतु तुमच्या पत्रातील एक वाक्य मी तीनदा वाचले आणि बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी मला त्याच वाक्याचे उत्तर द्यावेसे वाटते. ‘मी ओंडका धरून बसवीन आणि हे दांडा दाबतील’ हा बेत कृपया आजच रद्द करा.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील माझ्या आजोळच्या वाडीत अनेक झाडे पडली, आणि त्या हिवाळ्यात आम्ही असे एक मशीन आणून ओंडके फोडायला बसलो. मी ओंडके मांडत होतो, भाचा लिव्हरवर होता. एक ओंडका किंचित तिरका बसला होता, तो सरळ करण्यासाठी मी हात घातला, आणि त्याच वेळी मागून कुणीतरी चहाला हाक मारली म्हणून मी ‘हां’ म्हणालो. भाच्याला वाटले, मी त्यालाच ‘हां, दाब’ म्हणतो आहे. माझ्या चामडी हातमोज्याच्या करंगळीचे टोक ओंडका आणि त्याला ढकलणारी लोखंडी प्लेट यांच्यामध्ये सापडले. मोजा ढिला होता म्हणून बोट आतून निसटले. नंतर पाहिले तर मोज्याचे टोक पापडासारखे चपटे झाले होते. भाचा निष्काळजी नव्हता आणि मीही नव्हतो. दोन माणसे एका मशीनवर काम करत होती, एवढेच कारण होते.

कुऱ्हाडीखाली ओंडका धरून कोणी बसत नाही, कारण कुऱ्हाड जोरात येते आणि ती पाहूनच अंग चोरले जाते. हे मशीन सावकाश पुढे येते, म्हणून त्याची भीती वाटत नाही. त्यातच जड ओंडका उचलून मांडताना आपले पंजे आपोआप त्याच्या दोन तोंडांवर जातात, मृदंग वाजवणाऱ्याचे हात असतात तसे, आणि ओंडक्याची ही दोन तोंडेच नेमकी एकीकडे ढकलणाऱ्या प्लेटला आणि दुसरीकडे लाकूड फोडणाऱ्या पाचरीला टेकणार असतात. म्हणून ओंडका नेहमी मधोमध, सालीच्या अंगाने धरावा, मांडून झाल्यावर हात पूर्ण बाहेर काढावे आणि मगच लिव्हरकडे न्यावे. लाकडाला भेग पडू लागली की तिच्यात बोटे घालून ती फाकवण्याचा मोह होतो. तोही टाळावा, कारण प्लेट मागे घेताना अर्धवट फुटलेले लाकूड पुन्हा मिटते.

म्हणून नियम एकच ठेवावा : जो ओंडका मांडील तोच मशीन चालवील, आणि दुसरे माणूस किमान तीन मीटर, म्हणजे सहा-सात हात, दूर राहील. चांगल्या विजेच्या मशीनला दोन हातांचे नियंत्रण असते. एका हाताने स्विच दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर. दोन्हींपैकी एक जरी सोडले तरी प्लेट पुढे जायची थांबते. ही सोय काम हळू करण्यासाठी केलेली नाही. चालवणाऱ्याचे दोन्ही हात कामात गुंतून लाकडापासून दूर राहावेत यासाठी ती केलेली आहे. लिव्हर सुतळीने बांधून एक हात मोकळा करणारी माणसे मी पाहिली आहेत. तुमच्या घरी ते कोणालाही करू देऊ नका, आणि ज्या मशीनला दोन हातांचे नियंत्रण नाही ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

आता चालवायचे कोणी? माझे मत विचाराल तर तुम्ही. तुमच्या यजमानांनी दांडा दाबावा असे तुम्ही ठरवले, त्यामागे जोराचे काम पुरुषाचे हा विचार असणार. परंतु इथे जोर मशीन लावते आणि अंगाला पडणारे काम ओंडका उचलण्याचे आहे, जे ऑपरेशन झालेल्या खांद्याला वर्ज्य आहे. फुटलेल्या ढलप्या गोळा करून कमरेच्या उंचीपर्यंत रचण्याचे काम ते करू शकतील, तेही मशीन थांबल्यावर. साडी नेसून काम करायचे असेल तर पदर कमरेला घट्ट खोचावा, डोळ्यांना गॉगल असावा आणि पायांत स्लिपर नसावी. गाठीचे लाकूड फुटताना त्याची कपची उडते आणि अर्धा ओंडका थेट पायावर घरंगळतो.

मुलाने दाखवलेला व्हिडिओ पुन्हा एकदा नीट पाहा. त्यात गोल फिरणारा, आटे असलेला लोखंडी शंकू लाकडात घुसताना दिसत असेल, तर ते हायड्रॉलिक मशीनच नव्हे. मोटरवर किंवा ड्रिलवर फिरणारे असे शंकू स्वस्त असतात आणि पाहताना मोठे सोपे वाटतात. पण फिरणाऱ्या शंकूत पदर, ओढणी किंवा हातमोजा अडकला तर तो माणसाला ओढून घेतो, आणि लाकूड घट्ट बसले तर ते अख्खे लाकूडच गरागरा फिरू लागते. ती वस्तू घरात येऊ देऊ नका, असे मुलाला स्पष्ट सांगा.

हायड्रॉलिक मशीनचे तंत्र समजून घेतले तर निवड सोपी होते. मोटर एक छोटा पंप फिरवते, पंप टाकीतले ऑइल दाबाखाली सिलिंडरमध्ये ढकलतो, ऑइल दट्ट्याला पुढे लोटते आणि दट्ट्याच्या टोकाची प्लेट ओंडक्याला स्थिर पाचरीवर दाबते. सिलिंडरचा आतला व्यास ५ सेंटीमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटीमीटर होते. ऑइलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २५० किलो असेल तर दट्ट्यामागे सुमारे ४,९०० किलोचा, म्हणजे जवळपास पाच टनांचा जोर उभा राहतो. मनगटाएवढ्या नळकांड्यातून एवढा जोर येतो, हे लक्षात असले की वर हाताविषयी इतके का लिहिले तेही ध्यानात येईल.

तुमच्या गरजेला पाच ते सात टनांचे, सिंगल फेजवर चालणारे विजेचे मशीन पुरे आहे. त्यावर साधारण २५ सेंटीमीटर जाडीचे आणि अर्ध्या मीटरपर्यंत लांबीचे ओंडके फुटतात. चुलीला आणि न्हाणीतल्या चुलाण्याला हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर, लाकूड लागते, त्यामुळे लांबीची अडचण येणार नाही. पेट्रोलवरची वीस-तीस टनांची मशीन लाकडाच्या वखारीसाठी ठीक आहेत; त्यांचे वजन, आवाज आणि इंजिनाची देखभाल वर्षातून पाच-सहा दिवसांच्या कामासाठी कशाला अंगावर घ्यायची? उलट वर्षात एवढेच दिवस काम असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून मशीन घेण्याचा विचार जरूर करावा, मात्र त्याच्याबरोबर ते चालवायला शिकलेले माणूसही त्या घरी जावे. नुसते मशीन उसने देऊ नये. छोटी आडवी मशीन जमिनीलगत असतात आणि त्यांच्यावर वाकून काम करताना कंबर जाते. अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांचा गुडघ्याहून थोडा उंच, सपाट ओटा बांधून त्यावर मशीन हलणार नाही असे बसवले तर हा त्रास उरत नाही.

तुमच्या लाकडांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मशीन फुटते की लाकूड फुटते हे पुष्कळदा लाकडावर ठरते. चेनसॉवाल्याला बोलावून बुंध्याचे तुकडे पाडून घेताना दोन्ही तोंडे काटकोनात, सपाट कापून मागा. तिरक्या तोंडाचा ओंडका दाब येताच उसळी घेतो. आंब्याचे सरळ लाकूड ओलसर असताना या मशीनवर छान फुटते. जिथे फांदी फुटलेली असते ती गाठ मात्र हट्टी असते. अशा वेळी मधोमध पाचर घालण्याऐवजी ओंडक्याच्या कडेच्या पाकळ्या आधी उतरवाव्यात आणि गाठीचा गाभा शेवटी ठेवावा. तोही फुटत नसेल तर पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ दाब धरून ठेवू नये, कारण ऑइल तापते आणि पंपावर ताण येतो. प्लेट मागे घ्यावी, ओंडका पाव वळसा फिरवून पुन्हा पाहावे, आणि तरीही नाही म्हणाला तर तो तसाच न्हाणीच्या चुलाण्यासाठी बाजूला टाकावा. तिथे मोठे लाकूड रात्रभर धुमसत राहिले तरी चालते. ओंडका आडवा घालून रेषांच्या विरुद्ध फोडण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

फणसाचे ऐकाल का? त्याचा सरळ बुंधा सरपणात घालू नका. पिवळा गाभा असलेले ते लाकूड वाळवीला दाद देत नाही, त्याची दारे, खांब, देव्हारे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. आधी एखाद्या सुताराला दाखवा आणि फक्त फांद्या फोडा. त्या फोडताना पाचरीवर चीक साचेल. आठळ्या-गरे काढताना हाताला लावतो तसे खोबरेल आधीच पाचरीला चोपडले तर तो चिकटत नाही. काजूची लाकडे वाकडीतिकडी असली तरी मऊ असल्यामुळे त्रास देत नाहीत. सुरूचे लाकूड उत्तम जळते, पण ते ओले असतानाच फोडावे, वाळले की दगड होते. चिंचेच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ती छोट्या मशीनला झेपत नाही. माडाच्या खोडाला हे मशीन लावूच नये. त्याला इतर झाडांसारखी फुटण्याची रेषा नसते, नुसते तंतू फाटत जातात आणि पाचरीत गुंता होतो. बिब्याचे लाकूड चुकून ढिगात आले असेल तर त्याला हात लावू नका आणि ते जाळूही नका. त्याच्या रसाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा थंडी सुरू झाली असेल, आणि लाकडे फोडण्याची खरी वेळ तीच आहे. आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामे मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात कोंबण्याची सवय आहे : पापड-कुरडया, कौले चाळणे, आणि त्यातच लाकडे. त्या दिवसांत घर मुंबई-पुण्याच्या नातवंडांनी भरलेले असते, आभाळ भरून आलेले असते आणि प्रत्येकाला घाई असते. मशीन चालवण्यासाठी याहून वाईट दिवस नाहीत. शिवाय मे अखेरीस फोडलेले लाकूड वाळायला ऊन कुठे मिळणार? न वाळलेले लाकूड आधी स्वतःतले पाणी उकळवते आणि मग जळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरात भरणारा धूर हा बहुतांशी त्या पाण्याचा दोष असतो. पौष-माघात लाकूड फोडून ठेवले तर चार महिन्यांचे कोरडे ऊन त्याला मिळते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्या. ओल्या असतील तर बद्द आवाज येतो, वाळल्या असतील तर खणखणीत. तुमच्या आंब्याच्या बुंध्यांना तर अधिकच घाई आहे, कारण आंब्याचे लाकूड टिकाऊ नसते आणि जमिनीला टेकून दुसरा पावसाळा काढला तर भुंगा आणि बुरशी त्याचा भुसा करतील.

ढलप्या रचताना खाली चिरे मांडून त्यावर दोन दांडके आडवे टाकावे, म्हणजे वाळवीला थेट जमिनीतून वाट मिळणार नाही आणि हवा खेळती राहील. रास भिंतीला चिकटवू नये. पावसाआधी ती पडवीत किंवा मांगरात हलवताना पहिला थर काठीने हलवून मगच हात घालावा. आपल्या भागात फुरसे आणि लाल विंचू दोन्ही आहेत, आणि लाकडाची रास ही त्यांची आवडती जागा आहे. विंचू चावला तर उताऱ्यासाठी वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केले आणि त्याने असंख्य प्राण वाचले आहेत.

विजेविषयीची तुमची शंका रास्त आहे. अशा मशीनची मोटर साधारण दीड ते सव्वादोन किलोवॅटची असते. सव्वादोन किलोवॅटची मोटर पूर्ण भाराने सलग तासभर चालली तरी सव्वादोन युनिट होतात, म्हणजे बिलाची चिंता नको. चिंता विजेच्या दाबाची, म्हणजे व्होल्टेजची, आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि व्होल्टेज कमी असेल तर ती फिरण्याऐवजी नुसती गुणगुणते. असा आवाज आला की लगेच बंद करावी, नाहीतर कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळते. संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे-पंप चालू असतात, म्हणून काम सकाळी उरकावे. मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावे, वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड असावी. टेबल फॅनच्या बारीक वायरवर जोडू नये. लाइनला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच, बसवून घ्यावे. आणखी एक गोष्ट खास आपल्या मातीची : जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा.

ऑइलच्या टाकीला हवेचा एक छोटा स्क्रू असतो, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. काम सुरू करण्यापूर्वी तो दोन-तीन आटे सैल करावा, म्हणजे दट्ट्या पुढे-मागे होताना हवा आत-बाहेर होते. बंदच ठेवला तर कोंडलेली हवा दाबली जाऊन सील फुटतात. काम संपल्यावर मशीन हलवण्याआधी तो पुन्हा घट्ट करावा, नाहीतर ऑइल अंगणात सांडते. आमच्या त्या मशीनचे सील पहिल्याच दिवशी गेले होते. विकणाऱ्याने स्क्रूविषयी एक शब्द सांगितला नव्हता आणि आम्हीही पुस्तिका उघडली नव्हती. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच भरावे. आपल्या उष्ण हवेत बहुधा ४६ क्रमांकाचे लागते. ऑइल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजून बदलावे. नळीतून ऑइल झिरपते आहे असे वाटले तर हात फिरवून कधीही शोधू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडीत शिरते, वरून फक्त ठिपका दिसतो आणि आत हात सडू लागतो. तसे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, तेवढे पुरते.

खाऱ्या वाऱ्याने दट्ट्याच्या चकाकत्या दांड्यावर गंजाचे ठिपके पडतात आणि तेच पुढे सील कापतात. म्हणून काम संपले की दांडा पूर्ण आत घ्यावा, उघड्या लोखंडावर तेलाचा बोळा फिरवावा आणि मशीन छपराखाली ठेवावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहिले तर उत्तम.

एक गोष्ट कायद्याची. तुमची झाडे आपोआप पडली आहेत. पण मशीन आले म्हणून उभ्या झाडाला हात लावू नये. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. खाडीकाठची खारफुटी तर कोणत्याही कारणासाठी तोडू नये. फणसाचा बुंधा कापायला गावाबाहेर न्यायचा असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

राहिली सासऱ्यांची कुऱ्हाड. ती माळ्यावर टाकू नका. मशीनवर पुष्कळ ओंडके फुटूनही शेवटच्या दोन-चार तंतूंनी एकमेकांना धरून राहतात. तेव्हा मोटर बंद करून, प्लग काढून, ओंडका मशीनवरून खाली उतरवावा आणि कुऱ्हाडीच्या एका हलक्या घावाने ते तंतू तोडावे. धार लावून घ्या, आणि दांडा सैल झाला असेल तर रात्रभर पाण्यात फुगवण्यावर विसंबू नका, कारण वाळला की तो पुन्हा सैल होतो. सुताराकडून नवी पाचर ठोकून घ्या.